मुलांची पत्रं आणि आपलं लाल पेन

मागच्या पावसाळ्यात आठ वर्षांचा एक मुलगा काविळीने आजारी होता. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून आणि अन्नातून होणारी नेहमीची कावीळ. यात फार औषधं लागत नाहीत. विश्रांती, पुरेसं पाणी, भूक लागेल तसं साधं जेवण आणि धीर. त्यातला धीर मुलापेक्षा आईवडिलांना जास्त लागतो. मुलगा तीन आठवडे घरी होता. दुसऱ्यांदा तपासायला आणला तेव्हा आईच्या पिशवीत लॅबच्या रिपोर्टसोबत एक जाड लिफाफा होता. वर्गातल्या बाईंनी सगळ्या मुलांना त्याला पत्र लिहायला सांगितलं होतं. एकूण अडतीस पत्रं. आईने ती कौतुकाने माझ्या टेबलावर ठेवली.

मी चाळली. 'प्रिय मित्रा, तू आजारी असल्याचे समजले. वाईट वाटले. वेळेवर औषधे घे. लवकर बरा होऊन शाळेत ये.' दुसऱ्या पत्रात तेच, तिसऱ्यात तेच. फळ्यावरचं सगळ्यांनी नीट उतरवून घेतलं होतं. मुलगा म्हणाला, "ती नाही, हे बघा," आणि त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. वहीचं अर्धं फाडलेलं पान होतं.

'तुझा जागेवर आता मी बसतो. तुझं खोडरबर माझाकडे आहे. मी ते वापरत नाई. पंखा अजून तसाच वाजतो. तुझे डोळे खरच पिवळे झाले का'

फळ्यावरचं लिहून झाल्यावर त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने हे वेगळं लिहिलं होतं आणि शाळेच्या रिक्षावाल्या काकांच्या हाती पाठवलं होतं. अडतीस पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका जवळजवळ नव्हत्या. या अर्ध्या पानात मी सहज चार मोजल्या. पण मुलगा ते मला वाचून दाखवताना हसत होता, आणि आठवड्याभरात तो पहिल्यांदाच असा हसतोय, असं आई म्हणाली. आपली जागा, आपलं खोडरबर आणि कुरकुरणारा पंखा हे सगळं जिथल्या तिथे आहे, एवढं त्याला कळलं होतं. आजारी माणसाला, मग तो आठ वर्षांचा असो की ऐंशी वर्षांचा, हेच ऐकायचं असतं.

आईने मात्र मला वेगळंच विचारलं. "डॉक्टर, याने उत्तर लिहिलं तर कागदातून त्या मुलाला कावीळ होईल का?" शंका रास्त होती. हा विषाणू विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि हात, पाणी, अन्न यांच्यामार्फत तोंडात जातो. डोळे पिवळे दिसू लागल्यावर साधारण आठवड्याभरात संसर्ग पसरवण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि या मुलाचे ते दिवस उलटून गेले होते. साबणाने हात धुऊन लिहू दे म्हटलं. त्याने त्याच संध्याकाळी लिहिलं असं नंतर कळलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

माझं मत सरळ सांगते. लहान मुलांना पत्र लिहायला जरूर शिकवावं. पण आपण ज्या रीतीने शिकवतो, ती रीत मुलांना पत्रापासून तोडते. सहा-सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पत्रातल्या चुका दुरुस्त करू नका. त्याला फक्त एक प्रश्न विचारा: "हे वाचणाऱ्याला कळेल का?"

हे मी शहाणपणाच्या जोरावर नाही, चूक करून सांगते आहे. माझा मुलगा दुसरीत असताना त्याने नागपूरच्या मामेभावाला पत्र लिहिलं. 'आमच्याकडे खूप पाऊस आहे. मोरीत बेडूक आला होता. आई ओरडली.' एवढंच. मी दवाखान्यातून दमून आले होते, तरी हातात लाल पेन घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. वर 'प्रिय' घातलं, खाली 'तुझाच' घातलं. 'अभ्यास कसा चालला आहे' हे वाक्य घातलं. 'आई ओरडली' काढून टाकलं, कारण बरं दिसत नव्हतं. तीन वेळा लिहून घेतलं. तिसऱ्या वेळी अक्षर खरंच सुंदर आलं होतं. त्यानंतर त्याने कधीही कोणाला पत्र लिहिलं नाही. आता तो सव्वीस वर्षांचा आहे. मध्यंतरी हा विषय निघाला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ते पत्र तुझंच होतं, आई."

आता थोडं शास्त्र. मी बालरोगतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात एका घरातली तीन पिढ्यांची माणसं एकाच बाकावर येऊन बसतात, त्यामुळे मुलंही पाहावीच लागतात.

तीन वर्षांच्या मुलाला बिस्किटाचा पुडा दाखवा. आत काय असेल? "बिस्किटं." उघडला तर आत पेन्सिली. पुडा पुन्हा बंद करा आणि विचारा, बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या मित्राला यात काय आहे असं वाटेल? तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा सांगतं, "पेन्सिली." जे मला ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असणार, असा त्याचा हिशोब असतो. चार-पाच वर्षांच्या सुमारास उत्तर बदलतं: "त्याला बिस्किटंच वाटतील, त्याने कुठे बघितलंय?" मानसशास्त्रात याला थिअरी ऑफ माइंड म्हणतात. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही जाण. ती एका दिवसात पुरी होत नाही, पुढची कित्येक वर्षं पक्की होत राहते. मोठेपणीही काहींची कच्चीच राहते, हे ओपीडीत रोज दिसतं. "डॉक्टर, ती मागच्या वेळची पांढरी गोळी द्या," असं सांगणाऱ्यांना मी आणखी काय म्हणणार?

पत्र हा या जाणिवेचा उत्तम सराव आहे. मूल लिहितं, 'काल तो परत आला आणि सगळं सांडलं.' कोण तो? फोनवर आजी लगेच विचारते, "कोण आला रे?" आणि काम भागतं. व्हिडिओ कॉलवर तर विचारायचीही गरज नाही, मूल मांजराला उचलून कॅमेऱ्यासमोर धरतं. पत्रात आजी समोर नसते. ती काय पाहू शकत नाही, तिला काय ठाऊक नाही, हे मुलालाच मनात आणावं लागतं. म्हणून आपण विचारायचं, "आजीला कळेल का, तो म्हणजे कोण?" मूल दोन सेकंद थांबतं, मग 'तो'च्या वर बारीक अक्षरात 'बोका' असं घुसडतं. त्या दोन सेकंदांत जे घडतं ते दहा पानं शुद्धलेखनाने घडत नाही.

व्हिडिओ कॉलला माझा विरोध नाही. दूरच्या नातवंडांचे चेहरे दिसल्याने माझ्या किती तरी वृद्ध पेशंटचा दिवस बरा जातो. पण त्या कॉलवर मुलाचं काय होतं ते एकदा नीट पाहा. "बोल ना आजोबांशी. कविता म्हणून दाखव. असं काय करतोस?" मूल सोफ्यामागे लपतं. लाजऱ्या मुलाला, बोलताना अडखळणाऱ्या मुलाला हा छोटा छळच असतो. पत्रात घाई नसते. एक वाक्य आज, दुसरं उद्या.

मग सुरुवात कधी करायची? इथे माझ्याकडे येणारी तक्रार उलट असते. "चार वर्षांचा झाला तरी लिहीत नाही, हाताला ताकद नाही, काही टॉनिक द्या." टॉनिक नसतं. मूल साधारण तीन वर्षांचं झालं की पाहून गोल काढतं, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास त्रिकोण. आता आपला 'क' पाहा. उभी रेघ, एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला वळण, वर आडवी रेघ. ज्याला त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून आपण 'क' मागतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच असतात. एक्स-रेवर ती एकेक करून वर्षानुवर्षं उमटत जातात, शेवटचं दिसायला नऊ ते बारा वर्षं लागतात. हाडांचं वय पाहण्यासाठी आम्ही मनगटाचा एक्स-रे काढतो तो यामुळेच. अर्थात हाडं पुरी होईपर्यंत थांबा असा याचा अर्थ नाही, लिहिणं हे मुख्यतः मज्जासंस्थेचं आणि स्नायूंच्या मेळाचं काम आहे. पण त्या हाताकडे जरा दयेने पाहा. मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, रांगोळीचे ठिपके टाकू द्या. पेन्सिल नंतर नीट धरली जाते.

तोवर मुलाने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. यात एकच पथ्य आहे: त्याचे शब्द बदलायचे नाहीत. चार वर्षांची मुलगी म्हणाली, "मावशी, माझी चप्पल चावते," तर तेच लिहायचं. 'माझे पाय मोठे झाले असून नवीन चप्पल हवी आहे' असं नाही. खाली तिला चप्पल काढू द्या, तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढू द्या, आणि ते उलटं आलं तर उलटं जाऊ द्या.

चित्र म्हणजे पत्र नव्हे, असं वाटत असेल तर एक जुनी हकिकत सांगते. ४ सप्टेंबर १८९३ रोजी इंग्लंडमधल्या बिअॅट्रिक्स पॉटर या बाईंनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला पत्र पाठवलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यांनी चार सशांची गोष्ट लिहिली आणि ओळींच्या मधेमधे ससे काढले. पुढे त्याचंच 'पीटर रॅबिट' हे पुस्तक झालं. पण त्या दिवशी ते पुस्तक नव्हतं, अंथरुणावरच्या एका पोराला पाठवलेला कागद होता. आपल्याकडे रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकातला अमलही आजारीच आहे. घरासमोर नवं पोस्ट ऑफिस उघडतं आणि तो राजाच्या पत्राची वाट पाहत बसतो. त्याला वाचता येत नाही, तरी वाट पाहतो. त्या नाटकातला वैद्य दारं-खिडक्या बंद ठेवा म्हणतो. व्यवसायबंधू म्हणून मला त्याची दर वेळी लाज वाटते.

शुद्धलेखनाकडे येते, कारण या लेखावर शिक्षक वाचकांचा राग तिथेच होणार. मराठी बोलताना आपण इ आणि ई, उ आणि ऊ यांतला फरक फारसा करत नाही. मूल कानाला ऐकू येतं ते लिहितं आणि कानाला फरक ऐकूच येत नाही. वर गंमत अशी, की शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा असा आपला नियम आहे आणि 'आणि' हा त्याला अपवाद आहे. जे मूल 'आणी' लिहितं ते नियमाने चाललेलं असतं! त्याला आपण लाल गोल करतो. शुद्ध लिहिणं शिकवा, जरूर शिकवा, पण वहीत शिकवा. पत्र ही तपासायची वही नाही.

हाताने लिहिण्याचे फायदे सांगणारे अभ्यास आहेत. करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं स्वतः हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. नंतर तीच अक्षरं पाहताना मेंदूचा स्कॅन केला, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग हाताने काढलेल्या अक्षरांना सर्वांत जास्त प्रतिसाद देत होते. स्वतःचं वेडंवाकडं अक्षर गिरवलेल्या सुबक अक्षराहून उपयोगी ठरलं, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. पण अभ्यास छोटा होता. पत्रलेखनाने बुद्धी वाढते, प्रतिकारशक्ती वाढते वगैरे मी म्हणणार नाही, आणि व्हॉट्सअॅपवर तसं कोणी पाठवलं तर मला पुढे धाडू नका.

मात्र दोन बाबतींत दुर्लक्ष नको. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी येणं नेहमीचं आहे. पण आठ वर्षं उलटल्यावरही ती तशीच येत असतील, वाचतानाही अडत असेल, लिहायचं म्हटलं की पोटात दुखू लागत असेल, तर आळशी म्हणून शिक्का मारू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दुसरं म्हणजे मजकूर. मूल कधी कधी तोंडाने न सांगितलेलं कागदावर लिहितं. कोणाची भीती वाटते, कोणी मारतं, कोणी नको तसा हात लावतं असं काही दिसलं तर ते खोडू नका, ओरडू नका, जवळ बसून ऐका. गरज पडली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. एरवी मात्र मुलाचं पत्र त्याला विचारल्याशिवाय वाचू नये.

शाळेत पत्र हा गुणांचा प्रश्न असतो. 'अ. ब. क.' नावाचा मुलगा 'क्ष' गावाहून मित्राचं अभिनंदन करतो. अभिनंदन कशाचं ते गाइडमध्ये दिलेलं असतं. मायन्याचे गुण वेगळे, समारोपाचे वेगळे. स. न. वि. वि. म्हणजे काय ते मुलाला ठाऊक नसतं, बऱ्याचदा आईबाबांनाही नसतं. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मला स्वतःला ते जुने मायने फार आवडतात, माझ्या वडिलांची पत्रं त्यांनीच सुरू व्हायची. दहा-अकराव्या वर्षी मुलांना ते गंमत म्हणून दाखवा. पण दुसरीतला मुलगा मित्राला रोज 'ए ढब्बू' म्हणत असेल, तर त्याच्या पत्राची सुरुवात 'ए ढब्बू' अशीच व्हायला हवी.

आणि पत्र खऱ्या माणसाला जायला हवं, खऱ्या पेटीत पडायला हवं. पोस्टकार्ड वर्षानुवर्षं ५० पैशांना मिळत आलं आहे, आमच्या इंजेक्शनच्या सुईहूनही स्वस्त. पत्ता मुलाकडूनच लिहून घ्या. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिन कोड आला. पहिला आकडा ४ असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे निघालं, हे मुलांना गुप्त लिपीसारखं वाटतं. यातच त्याला स्वतःच्या घराचा पत्ता पाठ होतो. जत्रेत चुकलेल्या मुलाला तो सांगता येणं किती मोलाचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

राहिलं उत्तर. पत्र सुटतं ते बहुतेक वेळा उत्तर न आल्याने. काका-आत्या फोन करून सांगतात, "मिळालं हं पत्र, छान अक्षर आहे," आणि विषय संपतो. मुलाने विचारलेलं असतं, 'तुमच्या विहिरीत कासव आहे का अजून.' त्याला अक्षराचा शेरा नको असतो, कासवाची बातमी हवी असते.

माझ्या एका पेशंटने हे फार नेमाने पाळलं. निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. त्यांची नात तेव्हा सात वर्षांची, हैदराबादला राहणारी. दर पंधरा दिवसांनी इकडून एक, तिकडून एक. गुरुजी असूनही त्यांनी तिची एकही चूक कधी काढली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं काढल्या, आता पेन्शनीत निघालो." एके दिवशी नातीने लिहिलं, 'आजोबा तुमची अक्षरं शेवटी मुंगी का होतात.' त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मुलाने मात्र आधीची पत्रं काढून शेजारी ठेवली आणि पुढच्या सुट्टीत त्यांना घेऊन माझ्याकडे आला.

मी त्यांना एक वाक्य चार वेळा लिहायला दिलं. ओळीची सुरुवात बरी, शेवट बारीक, पुढची ओळ त्याहून बारीक. चालताना उजवा हात हलत नव्हता. वास येत नाही म्हणून सुनेच्या फोडणीला नावं ठेवत होते, तेही वर्षभरापासून. पार्किन्सन्स आजारात अक्षर असं आक्रसत जातं, त्याला मायक्रोग्राफिया म्हणतात. बारीक अक्षराचं कारण दर वेळी हेच नसतं, मोतीबिंदू असतो, संधिवात असतो, नुसतीच सवय असते. यांच्या बाबतीत न्यूरॉलॉजिस्टनी निदान पक्कं केलं. हाताची थरथर अजून सुरूही झालेली नव्हती.

औषधं सुरू झाली, व्यायाम सुरू झाला. अशा रुग्णांना रेघा आखलेल्या कागदावर लिहायला दिलं की अक्षराचा आकार बराच टिकतो, नजरेला मर्यादा मिळते. मी मुलाला म्हटलं, त्यांना दुरेघी वही आणून द्या. त्याने हे घरी सांगितलं असावं. पुढच्या तपासणीला गुरुजी आले तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये दुरेघी वहीची आठ-दहा पानं होती, शिवणीपाशी वेडीवाकडी फाडलेली. नातीने स्वतःच्या वहीतून पाठवली होती. सोबतच्या चिठ्ठीत होतं: 'वरचा आणी खालचा रेघेला अक्षर चिकटल पाहीजे. आमचा बाई तसच सांगतात.'

गुरुजींनी ती चिठ्ठी मला दोनदा दाखवली. या वेळीही त्यांनी चुका काढल्या नव्हत्या. उत्तर लिहून सोबतच आणलं होतं, जाताना पेटीत टाकायला. मी पाहिलं, ओळीच्या शेवटापर्यंत अक्षर रेघेला चिकटलेलं होतं.